पिवळी गाठ

स्मिता पाटणकरच्या बेडरूममधल्या मोठ्या कपाटात तिची स्वतःची एकही साडी नव्हती. तिच्या साड्या पलंगाखालच्या पेटीत असत. कपाट लोकांचं होतं.

कोपरखैरण्याच्या त्यांच्या सोसायटीतच नाही, तर आजूबाजूच्या चार-पाच सेक्टरांत ते कपाट सगळ्यांना माहीत होतं. आहेरात आलेल्या, घडी न मोडलेल्या साड्या बायका तिच्याकडे आणून ठेवत आणि दुसऱ्या बायका आहेरात द्यायला त्याच घेऊन जात. साडी विकली गेली की थोडा हिस्सा स्मिताचा, बाकीचे पैसे ठेवणारीचे. सहा महिन्यांत नाही गेली तर साडी परत, कोणी कोणावर रुसायचं नाही.

याची सुरुवात झाली चार वर्षांपूर्वी, ईश्वरीच्या लग्नात. एकुलत्या एक मुलीच्या लग्नात स्मिताला एक्केचाळीस साड्या आल्या. त्यांतल्या सहा एकाच दुकानातल्या आणि एकाच चटणी रंगाच्या होत्या. एक तर अशी निघाली की ती स्मितानेच दोन वर्षांपूर्वी चिपळूणच्या मामेबहिणीला दिली होती. साडी तीन घरं फिरून परत आली होती. खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण प्रियदर्शिनी तेव्हा शेजारीच बसून घड्या घालत होती. ती हसता हसता पलंगावर आडवी झाली.

"अगं, या साड्या कोणी नेसतच नाही. नुसत्या गावभर हिंडतात," ती म्हणाली. "तू यांच्यासाठी डेपो टाक. सगळ्या इथेच येतील आणि इथूनच सुटतील."

थट्टेत म्हटलेलं स्मिताने मनावर घेतलं. शाळेच्या ऑफिसातली तिची नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती, आणि दिवसभर नवऱ्याच्या, सुभाषच्या, निवृत्तीनंतरच्या सूचना ऐकत बसण्यापेक्षा हे बरं होतं.

धंदा चालला तो तिच्या एका नेमामुळे. साडी कोणाची ते ती घेणाऱ्याला सांगत नसे, आणि कोणी नेली ते ठेवणाऱ्याला सांगत नसे. विचारतही नसे. सासूने दिलेली साडी सून विकते, नणंदेने दिलेली भावजय विकते. नावं फुटली असती तर अर्ध्या बिल्डिंगमध्ये अबोला झाला असता. "मला रंग सांगा, नाव नको," असं ती म्हणायची. मग साड्या ओळखायच्या कशा? तर प्रत्येकीच्या नावाने एक दोरा. पदराच्या उलट्या बाजूला, काठाच्या अगदी कोपऱ्यात, मुगाच्या दाण्याएवढी गाठ. प्रियदर्शिनीची निळी, दुसऱ्या विंगमधल्या देशपांडेबाईंची लाल. विकताना ती गाठ काढत नसे. कोणाच्या नजरेला ती येत नसे आणि साडी फिरून परत आलीच, तर ही आपल्या हातून एकदा गेलेली आहे हे स्मिताला कळत असे. चार वर्षांत तशा चार-पाच आल्या होत्या. प्रत्येक वेळी ती आणि प्रियदर्शिनी चहा पिता पिता त्या साडीचा प्रवास जुळवत बसायच्या.

पिवळी गाठ बाळाबाईंची होती.

बाळाबाई जवळच्याच बोनकोडे गावातल्या. साठी उलटलेली, पण दंड अजून भरलेले. सकाळी सोसायटीच्या फाटकाशी पाटी घेऊन बसायच्या. पावसाळ्यात रानभाज्या, एरवी सुकट आणि बोंबील. तीन वर्षांपूर्वी एक दिवस पाटी रिकामी झाल्यावर त्या वर आल्या होत्या.

"ताई, तुमी साड्या घेता म्हनं. नव्या हायत. एकदाबी नेसलेल्या नाय."

पिशवीत पाच साड्या होत्या आणि पाचही चांगल्या. तेव्हापासून महिना-दीड महिन्याने बाळाबाईंची पिशवी येई. रंग गडद, काठ रुंद, त्यात हिरवी हमखास. स्मिताला नवल वाटलं नाही. गावठाणातल्या लोकांची लग्नं तिने लाउडस्पीकरवरून ऐकली होती. हळदीलाच हजार पानं उठतात. जमिनी गेल्या, चाळी उठल्या, भाडी येतात. भावकी एवढी मोठी, तर आहेर ढिगाने येणारच, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. बाळाबाईंनी तसं कधी सांगितलं नव्हतं, पण तिने विचारलंही नव्हतं. साड्यांना उदबत्तीचा वास यायचा. देवघराच्या खोलीत ठेवत असतील, असंही तिने ठरवलं होतं, आणि दोन दिवस गॅलरीत वारा देऊन ती त्या कपाटात लावायची.

श्रावणाआधी प्रियदर्शिनी गेली.

चोपन्नाव्या वर्षी, सकाळी कुकर लावता लावता ओट्याशीच कोसळली. तीन दिवस हॉस्पिटलात होती. चौथ्या दिवशी तिला घरी आणलं तेव्हा तिचा नवरा अभिराम चप्पल घालूनच घरात उभा होता आणि ते कोणी त्याला सांगत नव्हतं. सवाष्ण गेलेली. न्हाऊ घालायचं, हिरवी साडी नेसवायची, मळवट भरायचा, ओटी भरायची. सगळ्या बायकांना ऐकून माहीत होतं, पण हात पुढे करायला एकही तयार नव्हती. शेवटी खालच्या वॉचमनने कोणालातरी फोन केला आणि अर्ध्या तासात बाळाबाई आल्या.

त्यांना दारात बघून स्मिता चमकली. मग तिला बरंच वाटलं. ओळखीचं माणूस. बाळाबाईंनी पदर खोचला, कोमट पाणी मागून घेतलं, आणि चार बायकांना बाहेर पाठवून स्मिताला मात्र ठेवलं. "ताई, तुमी पानी ओता फकस्त," त्या म्हणाल्या. स्मिता पाणी ओतत राहिली. बाळाबाईंनी प्रियदर्शिनीचे केस विंचरले. गुंता आला तिथे मुळाशी केस धरून, दुखू नये असे.

मग बाहेरून कोणीतरी विचारलं, "माहेरची साडी कोण घालतंय?"

वाईला प्रियदर्शिनीचं माहेर होतं, म्हणजे एक कुलूप होतं. भाऊ नव्हता. बाकीच्या नातेवाइकांनी आणलेल्या दोन साड्या तिच्या अंगावर होत्या, पण माहेरची नव्हती. "मी आहे," स्मिता म्हणाली. ती जिना चढून घरी आली, कपाट उघडलं, आणि त्यातली सगळ्यांत चांगली काढली. जांभळी नारायणपेठ, हळदी रंगाच्या काठाची. पदराला पिवळी गाठ होती. बाळाबाईंच्या नावाच्या पैशांच्या पाकिटात तिने स्वतःचे पैसे घातले, साडी घेऊन खाली आली, आणि आपल्या हाताने मैत्रिणीच्या अंगावर पसरली. बाळाबाईंनी कडा सारख्या केल्या.

या गोष्टीला पंधरा दिवस झाले असतील. मंगळवार होता. त्या रविवारी ईश्वरीचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना, घणसोलीच्या तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सत्तर-ऐंशी बायका येणार. स्मिता सकाळपासून गुळपापडीच्या वड्या थापत होती. आदल्या दिवशीच तिसऱ्या मजल्यावरची मनस्वी येऊन गेली होती. ईश्वरीच्या वर्गातली, लहानपणी याच घरात पडीक असलेली मुलगी. कांद्याच्या सालीसारख्या गुलाबी रंगाची एक साडी तिने पटकन उचलली होती. "कोणाला द्यायची ते विचारू नका हं काकू, तुमचा नियम आहे," असं डोळे मिचकावून म्हणाली होती.

अकराच्या सुमारास बाळाबाई आल्या. नेहमीसारख्या दाराशी बसल्या, पिशवी पुढे सरकवली.

"तीनच हायत या टायमाला."

स्मिताने हात पुसले. पहिली साडी मोरपंखी, दुसरी लाल. तिसरी उचलली आणि तिचा हात जागीच राहिला.

जांभळी नारायणपेठ. हळदी रंगाचा काठ.

असतात तशा खूप, तिच्या मनात आलं. तिने पदर उलटा केला. कोपऱ्यात पिवळी गाठ होती, तिच्या स्वतःच्या हातची. दोन वेढे आणि एक टाका, ती नेहमी घालते तशी.

"ही कुठली?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

बाळाबाईंनी वर पाहिलं. "तुमचीच ना ती. तुमीच घातली व्हती मैत्रिनीला."

"पण ती... तिच्याबरोबर गेली ना?"

"आगीत?" बाळाबाईंना खरोखरच आश्चर्य वाटलं. "नेसवलेली जाते ताई. वरच्या काढतान. समद्या सरनावर ठेवल्या तर लाकडा पेटतील का? त्या न्हाऊ घालनारीच्या असतान. पहिल्यापासना."

स्मिता तिथेच फरशीवर बसली. साडी मांडीवर होती. ती बाजूला ठेवायला हवी हे कळत होतं, पण बोटं उघडत नव्हती.

"म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या?"

"समद्या."

"तीन वर्षांच्या?"

"आता मी काय दुकान टाकलाय का साड्यांचा?" बाळाबाई म्हणाल्या. मग स्मिताचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "तुमाला म्हायती नव्हता? मना वाटला तुमाला म्हायती हाय. गावान समद्यांना म्हायती हाय मी काय करते ते. तुमी कवा इचारलाच नाय. मी म्हनला, ताई समजून घेतान, उगा तोंडान बोलाया नको."

स्मिता उदबत्तीच्या वासाचा विचार करत होती. दोन दिवस गॅलरीत वारा दिला की जायचा तो वास. आणि मग आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, इतकी उशिरा की तिला स्वतःचीच भीती वाटली. ती जांभळी साडी तिने प्रियदर्शिनीवर घातली, तेव्हाही तिला पिवळी गाठ होतीच. म्हणजे ती आधी आणखी कोणाच्यातरी अंगावर पडलेली होती.

"ही दुसऱ्यांदा आली का हो तुमच्याकडे?"

"व्हय. मी तवाच वलखली." बाळाबाई शांतपणे म्हणाल्या. "पन तुमी एवढ्या मायेन आनलीत. तवा काय बोलायचा?"

वाईच्या कुलपाऐवजी आपण उभे राहिलो, आणि घातलं काय, तर दुसऱ्या मेलेल्या बाईवरून उतरवलेलं. तिने साडी फरशीवर ठेवली आणि नकळत हात गाउनला पुसले.

बाळाबाईंनी ते पाहिलं.

"याच हातान केस इंचरलं तिचं," त्या म्हणाल्या. "तुमच्यातली एकबी आली नाय पुढं. पैशे घेत नाय मी त्या कामाचं. घ्यायचं नसतान. साड्या मिलतान त्या माज्या. चोरल्या नाय कुनाच्या."

"तसं नाही म्हणत मी."

"म्हनाला नाय. पुसलात."

स्मिताच्या डोक्यात आता एकच साडी उभी होती. दोन महिन्यांपूर्वी बाळाबाईंच्या पिशवीतून निघालेली हिरवी, सोनेरी काठाची, बारीक कोयरीची. पिवळी गाठ घालून झाली, पण ती तिने कपाटात लावलीच नव्हती. ईश्वरीच्या डोहाळजेवणाला हीच, असं म्हणून विकत घेऊन ठेवली होती. आता ती साडी घणसोलीत होती. फॉल-पिको झालेला होता. ब्लाउज शिवून आला होता.

"बाळाबाई, दोन महिन्यांमागची ती हिरवी. ती कोणाची होती?"

बाळाबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन सावकाश. त्यांनी रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली.

"नका इचारू ताई. तुमीच सांगता ना, कोनाची ते इचारायचा नाय."

"माझ्या मुलीसाठी घेतलीय हो ती मी. तिला दिवस गेलेत."

बाळाबाई दारात थांबल्या. काही बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"दुसरी घ्या तिला," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

सुभाष दुपारी बँकेतलं काम उरकून आला तेव्हा कपाट सताड उघडं होतं आणि पलंगावर आजच्या तीन आणि कपाटात उरलेली पिवळ्या गाठीची एक, अशा चार साड्या एका चादरीत बांधून ठेवलेल्या होत्या. स्मिताने सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेवर आला.

"पण धुतलेल्या असतील ना?" त्याने विचारलं.

"रेशमी साड्या कोण धुतं?"

"मग ड्रायक्लीन..."

"सुभाष, गप्प बस."

त्याने उठून बेसिनवर हात धुतले. त्याने तर साड्यांना हातही लावला नव्हता.

स्मिता आठवत होती. पिवळ्या गाठीच्या साड्या गेल्या कुठे कुठे? एक कोणाच्या बारशाला गेली. एक मंगळागौरीला. एक तर तिच्या जुन्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोप समारंभात, ओटी भरून, सगळ्या शिक्षिकांनी वर्गणी काढून. तिने स्वतः ती निवडून दिली होती. एक नवी नवरी गृहप्रवेशाला नेसली होती आणि तिचा फोटो स्मिताच्या मोबाइलवर आला होता, "काकू थँक्यू" लिहून. तो फोटो तिने उघडला. मुलगी हसत होती. पायाशी माप होतं, तांदूळ सांडलेले. स्मिताने फोन उलटा ठेवला.

त्या सगळ्या आता तिच्या हातच्या राहिल्या नव्हत्या. पण मनस्वीची गुलाबी, तीही पिवळ्या गाठीची, कालच गेली होती. ती अजून घरातच असेल. स्मिता उठली, तिसऱ्या मजल्यावर गेली. बेलवर बोट ठेवलं. आत मनस्वी फोनवर हसत होती. काय सांगायचं? साडी परत दे. का? आणि 'का'चं उत्तर दिलं की संध्याकाळपर्यंत चार सेक्टरांत पोचणार. बारशाची बाई येणार, मंगळागौरीची येणार, मुख्याध्यापिकाबाई येतील त्या तर काही न बोलता नुसत्या उभ्या राहतील. आणि रविवारच्या आत ते घणसोलीला पोचणार, ईश्वरीच्या कानावर. बेल न दाबताच स्मिताने बोट काढून घेतलं आणि ती खाली आली. मनस्वीची साडी जिथे जायची तिथे जाऊ दे. आधी आपली पोरगी.

गुरुवारी ती वाशीला गेली, मोठ्या दुकानातून हिरवी साडी घेतली, पूर्ण किमतीला, पावतीसकट. विक्रेत्याला तिने दोनदा विचारलं, "ही नवीच आहे ना?" त्याने तिच्याकडे असं बघितलं की तिसऱ्यांदा विचारायची तिला लाज वाटली. तशीच ती घणसोलीला गेली. ईश्वरी राहते तो टॉवर गावठाणाला लागूनच आहे. वरून खाली बघितलं की दाटीवाटीची घरं, पत्रे, वाळत घातलेले कपडे. स्मिताने खिडकीकडे पाठ केली.

"आई, मला तीच हवी," ईश्वरी म्हणाली. तिने जुनी हिरवी खांद्यावर टाकून बघितली होती आणि ती आरशासमोरच उभी होती. पोटावरून काठ उतरलेला. स्मिताला बघवेना. "मस्त आहे ती. ही तुझी नवी पोपटासारखी दिसते."

"अगं, ज्या बाईची होती ती परत मागतेय."

"विकलेली वस्तू परत कशी मागते? तूच म्हणतेस ना, एकदा गेली की गेली."

"तिच्या आठवणीतली आहे म्हणे."

"मग विकली कशाला?"

विहीणबाई गीतांजली बाहेरच्या खोलीत लसूण सोलत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि ते येऊ नये असा त्यांचा काही प्रयत्नही नव्हता. "असू दे गं ईश्वरी," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आई एवढी दुकानातून घेऊन आल्यात. आपल्याकडे पहिल्यांदाच आली दुकानातली."

जावई शौनक लॅपटॉपमागे हसला आणि लगेच खोकला.

एरवी हा टोमणा स्मिताने आठवडाभर उराशी बाळगला असता. आज तिला तो लागलाच नाही. ती पुढे झाली आणि लेकीच्या खांद्यावरून साडी ओढून घेतली. थोडी जोरातच. ईश्वरी बघतच राहिली.

"आई? काय झालंय?"

"काही नाही."

"मग एवढी चिडचिड का करतेयस?"

"दुपारी जेवले नाही," स्मिता म्हणाली, आणि साडीची कशीबशी घडी करून पिशवीत कोंबली. ईश्वरी रडवेली झाली होती. हल्ली ती लगेच रडवेली होई. "ब्लाउजचं काय करू मग?" ती म्हणाली. स्मिताने ब्लाउजही मागून घेतला.

परत येताना ती बोनकोड्याला उतरली. बाळाबाईंचं घर तिला माहीत नव्हतं. तीन वर्षांत कधी गरज पडली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी एकीला विचारलं तर तिने लगेच स्मिताच्या कपाळाकडे, मग चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेला?"

"कोणी नाही," स्मिता म्हणाली.

"मंग?"

बाळाबाई घरी नव्हत्या. कोणाकडेतरी गेल्या होत्या. कुठे आणि कशाला, ते विचारायची आता गरज नव्हती. स्मिताने दोन्ही पिशव्या, चादरीतल्या चार साड्या आणि ही हिरवी, ओटीवर ठेवल्या. हिरव्या साडीची गाठ वरच होती. ती बघत उभी राहिली. कोणीतरी ही साडी पसंत केली असेल, दुकानात काठ बोटांत धरून पाहिला असेल, आणि मग घरी नेऊन एका बाईच्या अंगावर पसरली असेल. केवढी होती ती बाई? बाळाबाई तोंड मिटून का गप्प राहिल्या? स्मिता निघाली. मागे वळून न बघण्यासाठी तिला मान ताठ धरावी लागली.

रविवारी हॉल फुलांनी भरून गेला होता. झोपाळ्याला मोगरा, ईश्वरीच्या हातात धनुष्यबाण, केसांत फुलांची वाडी. पोपटी साडीत ती चांगलीच दिसत होती. गीतांजलीबाईंनी सुद्धा दोन जणींना सांगितलं, "दुकानातली आहे, वाशीच्या." दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. ईश्वरीने डावी उचलली, खाली बर्फी निघाली, बायका ओरडल्या, मुलगी, मुलगी. स्मिता हसत होती. पाच दिवसांनी पहिल्यांदाच तिच्या घशाखाली घास सहज उतरला होता. वाचवली, तिच्या मनात आलं. आपण वेळेवर पोचलो.

मग ओटी भरायला सुरुवात झाली. एकेक बाई पुढे येई, हळदीकुंकू लावी, गहू आणि नारळ ओटीत घाली, वर खण नाहीतर साडी. स्मिता झोपाळ्याशेजारी उभी राहून भरलेली ओटी मागे सरकवत होती. साड्या येत होत्या तशी तिची नजर आपोआप पदराच्या कोपऱ्याकडे जात होती. एकीला लाल गाठ होती. तिला हसू आलं. देशपांडेबाईंची, कोणीतरी तिच्याकडूनच नेलेली.

"सर गं जरा," म्हणत मनस्वी पुढे झाली. हातात सोनेरी कागदाचं पुडकं. ते तिने स्वतःच उघडलं, कारण तिला दम धरवत नव्हता.

कांद्याच्या सालीचा रंग.

"काकू, आता विचारा कोणासाठी नेली ती," मनस्वी म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत नेली, तुम्हाला पत्ता नाही. कसं फसवलं?"

बायका हसल्या. ईश्वरीचा चेहरा उजळला. "अगं, हा रंग मला केव्हापासून हवा होता," ती म्हणाली, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने घडी मोडली. पदर खांद्यावरून घेतला, पोटावर पसरला, आणि दोन्ही तळव्यांनी तो सारखा केला.

हॉलमध्ये सगळं तसंच चालू होतं. कोणीतरी गाणं म्हणत होतं. फोटोवाला "ताई, इकडे बघा" म्हणत होता. स्मिताला ते पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. तिला दिसत होते ते बाळाबाईंचे हात, प्रियदर्शिनीच्या अंगावर असाच पदर सारखा करणारे.

बोल, तिने स्वतःला सांगितलं. आता बोल. ओढून घे. गुरुवारी घेतलीस तशी. पण ऐंशी बायका बघत होत्या, त्यातल्या किती जणींच्या अंगावर आज तिच्या कपाटातल्या साड्या होत्या ते तिला माहीत नव्हतं. आणि ईश्वरी हसत होती, तीन दिवसांपूर्वी आरशासमोर हसत होती तशी.

पदराचा कोपरा उलटा होऊन बरोब्बर पोटावर आला होता. मुगाच्या दाण्याएवढी पिवळी गाठ.

स्मिता वाकली. नखाने गाठ धरली आणि ओढली. दोन वेढे आणि एक टाका, तिच्याच हातचा, पक्का. तो सुटेना. तिने आणखी वाकून तो दातांनी तोडला आणि गाठ डाव्या मुठीत घेतली.

"काय गं आई?" ईश्वरी म्हणाली.

"काही नाही. दोरा निघाला होता."

गीतांजलीबाईंनी हळदीकुंकवाची कोयरी तिच्यापुढे धरली. "आता आईने भरायची ओटी," त्या म्हणाल्या. स्मिताने उजवा हात पुढे केला. डाव्या हाताची मूठ तिने तशीच मिटून ठेवली होती.